ब्रॅडबरीची मंगळकथा वाचताना नावांवर नजर ठेवा

अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीची ‘डार्क दे वेअर, अँड गोल्डन-आइड’ (सावळे होते ते, सोनेरी डोळ्यांचे) ही कथा बरेच जण भयकथा म्हणून वाचायला घेतात आणि शेवटी गोंधळून जातात. पृथ्वीवरची माणसं मंगळवासी झाली हे कळतं, पण झाली कशी? विषाणू होता का? मेलेल्या मंगळवासीयांनी झपाटलं का? या प्रश्नाच्या मागे लागलात तर हाती काहीच येणार नाही. हवा, माती, पाणी यांच्याकडे बोट दाखवून लेखक पुढे जातो. कथा उलगडते ती नावांमधून. ऑगस्ट १९४९ मध्ये ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’ या मासिकात ती आली, तेव्हा तिचं शीर्षकच ‘द नेमिंग ऑफ नेम्स’, म्हणजे नावं देणं, असं होतं. पुढे मी शेवटही सांगणार आहे, त्यामुळे कथा वाचली नसेल तर आधी ती वाचून या.

हॅरी बिटरिंग, त्याची बायको कोरा आणि तीन मुलं मंगळावर उतरतात. उतरल्या क्षणापासून हॅरीला परत जायचं असतं. तरी पांढरं छोटं घर उभं राहतं, पृथ्वीवरून येणाऱ्या रॉकेटने रोज सकाळी वर्तमानपत्र येतं. मग रेडिओवर बातमी येते: न्यूयॉर्कवर अणुबाँब पडले, रॉकेटं नष्ट झाली, आता कोणी येणार नाही. १९४९ च्या वाचकाला हिरोशिमा होऊन चारच वर्षं झाली होती. त्याला हा धोका आजच्या वाचकापेक्षा फार जवळचा वाटला असणार.

इथे थांबून वसाहतवाल्यांनी मंगळाला दिलेली नावं नीट वाचा. हॉर्मेल, रूझवेल्ट, फोर्ड, व्हँडरबिल्ट, रॉकफेलर. हॉर्मेल म्हणजे डबाबंद मांस, फोर्ड म्हणजे मोटारी, व्हँडरबिल्ट म्हणजे रेल्वे, रॉकफेलर म्हणजे तेल. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट सोडला तर सगळी उद्योगपतींची नावं. डोंगर-दऱ्यांचा नकाशा सातबाऱ्यासारखा वाचता येतो. खुद्द हॅरीलाही हे खटकतं. अमेरिकेत वसाहत करणाऱ्यांनी तिथल्या मूळ लोकांची नावं ठेवली, ते शहाणपणाचं होतं, असं त्याच्या मनात येतं: विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो, युटा. याच यादीत वॉकीगनही आहे, म्हणजे ब्रॅडबरीचं जन्मगाव. नावं राहिली, पण ज्यांची होती त्या माणसांचं काय झालं, हे हॅरी बोलत नाही. ते वाचकाने स्वतः आठवायचं आहे.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या. हॅरीच्या बाबतीत जे आपोआप घडतं त्याखाली एक रेघ मारा, ज्याला तो स्वतः ‘बरं’ म्हणतो त्याखाली दोन. सुरुवातीला सगळ्या एकेरी रेघा पडतील: पीचचा मोहोर काहीतरी वेगळाच दिसतो, गुलाब हिरवे होतात, गवत जांभळं पडू लागतं, गाईला तिसरं शिंग फुटतं. मग डोळे. परत जाता यावं म्हणून हॅरी गावातल्या सॅमच्या वर्कशॉपमध्ये रॉकेट बांधत असतो. तिथे तो आरशात पाहतो, तर निळ्या डोळ्यांत सोनेरी ठिपके. आरसा हातून फुटतो. सॅमची तक्रार एवढीच, की माझा आरसा फोडलास! हे वाक्य घाईत सुटून जातं. सॅमचेही डोळे बदलत आहेत आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. गावाची सगळी अवस्था त्या एका तक्रारीत आहे. त्यानंतर रात्री हॅरीच्या तोंडून एक अनोळखी शब्द निघतो. पुरातत्त्वज्ञ सिम्पसन सांगतो, हे पृथ्वीचं जुनं मंगळी नाव.

दुहेरी रेघा सुरू होतात जेवणापासून. हॅरी हट्टाने फक्त डीप फ्रीझमधलं, पृथ्वीवरून आणलेलं अन्न खात असतो. ते संपतं, आणि कोराच्या आग्रहाने तो मंगळावर पिकलेलं खातो. कालव्यावर पोहायला गेल्यावर मुलगा डॅन म्हणतो, मला लिनल हे नाव घ्यायचं आहे. आईबाप कबूल होतात. मग उन्हाळ्यापुरतं म्हणून डोंगरातल्या मंगळवासीयांच्या जुन्या संगमरवरी घरांत जायचं ठरतं आणि अर्धवट रॉकेट मागे राहतं. या भागात जबरदस्ती कुठेच नाही. प्रत्येक होकाराला घरगुती, पटणारं कारण आहे, आणि मला कथेतली सगळ्यात धास्ती वाटणारी गोष्ट तीच वाटते.

शेवट वाचताना एक चूक हमखास होते. पाच वर्षांनी आलेल्या रॉकेटमधल्या लोकांना आपण सुटका करणारे समजतो. ते तसं म्हणतातही. पण कॅप्टन काय करतो ते बघा. गाव ओसाड आहे आणि डोंगरात सावळे, पिवळ्या डोळ्यांचे लोक आहेत, ते इंग्रजी पटकन शिकतात, असं लेफ्टनंट सांगतो. यावर कॅप्टन फार विचारात पडत नाही, थोड्याच वेळात बारसं सुरू करतो: लिंकन पर्वत, वॉशिंग्टन कालवा, आइन्स्टाइन दरी. लेफ्टनंट मात्र निळ्या टेकड्यांकडे बघत राहिलेला असतो आणि कॅप्टनचं बोलणं त्याच्या कानांवरून जातं. त्याची पहिली एकेरी रेघ इथे पडते.

विज्ञानाच्या कसोटीवर कथा टिकत नाही, हा आक्षेप खरा आहे. जुलै १९६५ मध्ये नासाच्या मरिनर ४ या यानाने जवळून फोटो काढले, तेव्हा मंगळावर कुणीतरी खोदलेले कालवे आहेत ही कल्पना संपली. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, पोहणं तर सोडाच. पण ब्रॅडबरीला हवी होती ती आधी कुणाची तरी असलेली जमीन, आणि कालव्यांच्या त्या जुन्या कल्पनेने ती त्याला आयती दिली. मंगळावर फिरणारी यांत्रिक गाडी, क्युरिऑसिटी रोव्हर, जिथे उतरली त्या जागेला नासाने २२ ऑगस्ट २०१२ रोजी ‘ब्रॅडबरी लँडिंग’ असं नाव दिलं. ब्रॅडबरी त्याच वर्षी जूनमध्ये वारला होता. नावांवर इतका विचार केलेल्या लेखकाचं नाव मंगळावरच लागलं, ही माहिती कथेशेजारी ठेवून वाचावी.

कथा शोधताना एक घोळ होतो. १९५० च्या ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’मध्ये ‘द नेमिंग ऑफ नेम्स’ नावाचं एक प्रकरण आहे, पण ते दोन कथांना जोडणारं छोटंसं टिपण आहे. तिथे बिटरिंग कुटुंब सापडणार नाही. त्यांच्यासाठी १९५९ चा ‘अ मेडिसिन फॉर मेलन्कली’ हा संग्रह घ्या.