सात नंबरचा खांब

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या त्या गोदामात शिरलो आणि पहिलं लक्ष गेलं ते खांबावरच्या खडूच्या बाणाकडे. सात नंबरच्या खांबावर बाण, खाली लिहिलेलं 'बंद करा'. पुढच्या, आठ नंबरच्या खांबावर 'चालू करा'. फोर्कलिफ्टच्या हॉर्नबद्दल काहीतरी असेल, असं वाटलं.

तेवढ्यात संगीताताई ट्रॉली ढकलत आल्या. सातव्या खांबापाशी वाकून त्यांनी बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली. आठव्यापाशी परत बटण दाबलं आणि पदराने घाम पुसत स्क्रीन उजळायची वाट बघत उभ्या राहिल्या. दोन मिनिटं तरी गेली असतील.

"हे काय चाललंय?"

"वायफायचं. चालू ठेवून नेली तर मागच्या गोदामात मेलीच समजा. बंद करून नेली तर जिवंत."

भोईरदादा, तिथले सुपरवायझर, हसत म्हणाले, "अडीच महिने झाले. तुम्हाला फोन करायचं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं. मग पोरांनी खडू काढला."

मला हसू आलं नाही, कारण ते नेटवर्क मीच लावलं होतं, फेब्रुवारीत. पुढे ऑफिस, त्याला लागून पॅकिंग, मागे गोदाम. पाच ट्रॉल्या, प्रत्येकीवर छोटा पीसी, त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, एक बॅटरी आणि एक बारकोड स्कॅनर. ऑफिसात ब्रॉडबँडवाल्याचाच राउटर होता, मागच्या गोदामात मी एक अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, टांगला होता. दोन्हींचं नाव एकच, म्हणजे ट्रॉली पुढे-मागे गेली की आपोआप एकावरून दुसऱ्यावर जाईल. तेव्हा जातही होती. स्वतः ढकलून बघितलं होतं.

आधी जे कोणीही करेल तेच केलं. सातव्या खांबापाशी उभा राहून फोन काढला. गोदामाचा सिग्नल भरपूर. पत्र्याचं छप्पर, लोखंडी रॅक, वर जुलैचा पाऊस, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. अॅक्सेस पॉइंट बंद-चालू केला. केबलचं टोक कापून नवीन क्रिंप केलं. एक तास असा गेला. भोईरदादांनी दोनदा चहा पाजला, म्हणजे त्यांनाही कळलं होतं की गाडी पुढे सरकत नाहीये.

उत्तर संगीताताईंच्या तोंडून निघालं, त्यांना न कळता. मी विचारलं, "परत येतानाही बंद करता का?"

"नाही. येताना काही होत नाही. जातानाच."

सिग्नल कमी असता तर जाताना आणि येताना सारखाच त्रास झाला असता. खांब काही दिशा बघून आडवा येत नाही. म्हणजे ऑफिसातून निघताना ट्रॉली काहीतरी सोबत घेऊन निघत होती आणि बंद केल्यावर ते सुटत होतं.

ट्रॉलीला कीबोर्ड लावला, ऑफिसच्या दारातून ती चालूच ठेवून सातव्या खांबाच्या पुढे आणली. वायफाय अजून ऑफिसच्याच राउटरला चिकटलेलं, सिग्नल मरायला टेकलेला, आणि डोक्यावर गोदामाचा अॅक्सेस पॉइंट ठणठणीत. स्कॅन केलं तर यादीत तो नाहीच. माझ्या हातातल्या फोनला दिसतोय, ट्रॉलीला नाही. मग 'आयडब्ल्यू रेग गेट' ही, कुठल्या देशाचे नियम धरलेत ते विचारणारी कमांड दिली. ट्रॉलीचं उत्तर आलं : कंट्री यूएस.

रबाळ्यात उभी राहून ट्रॉली सांगत होती की ती अमेरिकेत आहे.

इथे जरा मागे जावं लागेल. वायफायच्या कार्डाला आपण कुठल्या देशात आहोत हे कळायची सहसा काही सोय नसते, पण नियम तर देशागणिक वेगळे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल, म्हणजे पट्ट्याचे क्रमांकवार भाग, चालतात. २००५ च्या नियमांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. अमेरिकेत व्यवहारात १ ते ११. तिथे २४८३.५ च्या लगेच पुढे राखीव पट्टा सुरू होतो, म्हणून कडेचे १२ आणि १३ तिकडचे उत्पादक सोडूनच देतात. जपानने तर एकेकाळी १४ वा चॅनलही दिला, तोही फक्त ८०२.११बी या जुन्या वायफायसाठी.

हे सगळं लिनक्समध्ये एका फाइलीत असतं. तिचं मूळ साधा मजकूर आहे, कोणीही उघडून वाचावा : देशाचा दोन अक्षरी कोड, खाली पट्टे, पट्ट्यांपुढे कमाल शक्ती. त्यावरून बनलेली 'रेग्युलेटरी डॉट डीबी' सही करून येते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती सही तपासूनच फाइल उघडतो. पूर्वी हे काम सीआरडीए नावाचा वेगळा प्रोग्रॅम करायचा, ४.१५ पासून कर्नल स्वतः करतो. देश सांगितलेलाच नसेल तर कर्नल 'शून्य शून्य' धरतो, म्हणजे सगळं जग. या जगात १ ते ११ मोकळे. १२ आणि १३ वर फक्त कान द्यायचा, आपणहून बोलायचं नाही. तिथे कोणी बोलताना ऐकू आलं तर मग बोलायला हरकत नाही. अनोळखी गावात गेलेला भिडस्त माणूस वागेल तसंच हे. मला ही पद्धत आवडते.

मी फेब्रुवारीत ट्रॉल्यांवर देश घातलाच नव्हता. 'शून्य शून्य'वर सगळं चालत होतं, म्हणून लक्षातही आलं नाही.

मग अमेरिका आली कुठून? राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली हाळी देत असतो, आणि तिच्यात देशाचा कोडही असू शकतो. ही वायफायच्या ८०२.११डी या २००१ च्या मानकाची देणगी. लिनक्स राउटरला जोडला गेला की तो कोड वाचतो आणि त्या देशाचे नियम लागू करतो. जोडणी सुटली की ते काढून टाकतो. जोडलेला असेपर्यंत मात्र ज्याच्या पंगतीला बसला त्याचाच देश.

"दादा, ऑफिसातला राउटर बदललात का?"

भोईरदादांनी शेठच्या केबिनकडे नुसती मान वळवली.

मे महिन्यात शेठचे जावई न्यू जर्सीहून आले होते. येताना सासऱ्यांसाठी चार अँटेनांचा दणकट राउटर आणला. आधीच्याच नावाने, आधीच्याच पासवर्डने स्वतः लावूनही दिला. मला कोणी कळवलं नाही, आणि कळवावं असं कोणाला वाटणारही नाही, कारण ऑफिसात स्पीड वाढला होता. त्रास मागच्या गोदामात, राउटर पुढच्या ऑफिसात. संबंध जोडणार कोण?

आता सगळं जुळलं, फक्त एक गोष्ट सोडून, आणि ती मला भोईरदादांना सांगायची नव्हती. गोदामाचा अॅक्सेस पॉइंट १३ व्या चॅनलवर होता. तिथे मीच ठेवला होता. आजूबाजूचे सगळे गाळे १, ६, ११ वर गर्दी करून बसलेले. म्हटलं, आपल्याकडे १३ कायदेशीर आहे, वापरू. तेव्हा याच भोईरदादांपुढे मी भावही खाल्ला होता, "हे बाकीच्यांना सुचत नाही."

तर ट्रॉली पुढे ऑफिसला जोडली की अमेरिकन व्हायची. अमेरिकेत १३ नाही, म्हणून ती तिथे कानही देत नव्हती. चॅनलच्या यादीत २४७२, म्हणजे १३ व्या चॅनलच्या मेगाहर्ट्झपुढे, सरळ 'डिसेबल्ड' लिहिलेलं होतं. सिग्नल पूर्ण तुटेपर्यंत ती ऑफिसलाच लटकून राहायची. बंद करून चालू केली की पुन्हा 'शून्य शून्य', मग १३ ऐकू यायचा. उलट येताना गोदामाचे भारतीय नियम लागू, त्यात ऑफिसचा चॅनल ६ बसतोच. माझ्या फोनला काहीच अडचण नव्हती, कारण अँड्रॉइड देश विचारतो तो मोबाइल टॉवरला, आणि इथल्या टॉवरचे नंबर ४०४ नाहीतर ४०५ ने सुरू होतात. माझ्या लॅपटॉपचं तिसरंच. त्यातलं इंटेलचं कार्ड आजूबाजूचं ऐकून देश स्वतःच ठरवतं, मी सांगितलेलं ऐकत नाही.

तिथल्या तिथे सुटतंय का म्हणून, ट्रॉली जोडलेली असतानाच भारत सेट केला. उत्तर आलं, कंट्री ९८. असा कुठला देश नाही. राउटर म्हणतो अमेरिका, वापरणारा म्हणतो भारत, तेव्हा कर्नल दोन्ही नियम एकमेकांवर ठेवतो आणि दोघांना मान्य असेल तेवढंच उरवतो. १३ अर्थातच उरला नाही. कर्नलला राउटरचं ऐकूच नको असं शिकवायचे उपाय इंटरनेटवर सापडतात, कर्नल पुन्हा बांधण्यापर्यंत. आपल्या बाबतीत ते बरोबरही ठरलं असतं, कारण आपण खरंच भारतात आहोत. पण पाच ट्रॉल्यांवर हाताने बांधलेला कर्नल म्हणजे पुढच्या अपडेटला मलाच फोन. आणि चूक ट्रॉलीची नव्हतीच. खोटं राउटर बोलत होता.

राउटरचा देश बदलायला गेलो तर मेनूत तो रकानाच नाही. तिकडे विकायच्या मालावर देश कुलूपबंद करूनच देतात. मागे चिकटवलेला एफसीसीचा, म्हणजे तिकडच्या नियामकाचा, नंबर होता, आपल्याकडे वायरलेस उपकरणांना डब्ल्यूपीसी हे सरकारी खातं देतं त्या ईटीए मंजुरीचं काही नव्हतं.

गोदाम मी ११ वर आणलं. खरं तर १३ ही काही मोकळी जागा नव्हती. ११ वाल्यांचा गलका तिथपर्यंत पोचतच होता, फेब्रुवारीत मी तो मोजला नव्हता. शक्ती थोडी कमी केली, ट्रॉल्यांवर भारत घातला, ब्रॉडबँडवाल्याचा जुना राउटर कपाटातून काढून ६ वर परत लावला. संगीताताईंनी ट्रॉली चालूच ठेवून सातवा, आठवा, नववा खांब ओलांडला. दहाव्याला मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेल्या.

राहता राहिले शेठ. त्यांना अमेरिका, १३, ९८ सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "पण जावयाने आणलेला आहे हो. काढलेला बरा दिसणार नाही."

मग त्याचं वायफाय पूर्ण बंद केलं आणि मागच्या चार पोर्टांना ऑफिसचे पीसी आणि प्रिंटर लावून दिले. आता तो नुसता केबली जोडणारा स्विच आहे. अँटेना उभ्या आहेत, दिवे लुकलुकतात. गणपतीत जावई आले होते म्हणे, आणि शेठनी त्यांना केबिनमध्ये नेऊन दाखवलं, "बघा, अजून तुमच्यावरच चाललंय सगळं."