शेड की शॅडो

परवा, ऐन मे महिन्यात, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर रिक्षाची वाट बघत उभा होतो. बारा वाजून गेलेले. तेवढ्यात भाचीचा मेसेज आला, ‘मामा, शेड आणि शॅडो, फरक काय?’ हल्ली सुट्टीतसुद्धा पोरांना वर्कशीट असतात.

आपल्याकडे सगळी सावलीच. झाडाची, माणसाची, छत्रीची. पडछाया आहे, पण ती भुताखेतांच्या गोष्टींत. ‘जिच्यात बसता येतं ती शेड, नुसती दिसते ती शॅडो’ असं टाइप केलं, पण पाठवायला अंगठा धजेना. ही व्याख्या आमच्या सरांची. आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मोडली होती.

आमचं इंग्रजी पाचवीपासून. सहावीत मी लिहिलं होतं, ‘द काऊ इज सिटिंग इन द शॅडो ऑफ द ट्री.’ सरांनी शॅडोभोवती लाल गोल काढला आणि अख्खा वर्ग मैदानात नेला. शेवटचा तास, उन्हं कललेली. मला मधोमध उभं केलं.

‘ही तुझी शॅडो. हिच्यात बसता येतं का?’

‘नाही, सर.’

‘आणि त्या चिंचेखाली?’

‘येतं, सर.’

‘मग ती शेड.’

विषय संपलाच होता. पण आमच्यातला सगळ्यांत बुटका, पहिल्या बाकावरचा, हळूच आला आणि माझ्या लांबलचक सावलीत उकिडवा बसला. ‘सर, मला बसता येतंय.’

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘घंटा झाली का बघा रे कुणीतरी.’

खरं तर शेड म्हटलं की आम्हाला एसटी स्टँडवरची पत्र्याचीच आठवायची. तिचं स्पेलिंग वेगळं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर पत्र्याखाली सावली असते म्हणून ती शेड, अशी माझी पक्की समजूत. आता लिपस्टिकची शेड, भिंतीची शेड. तीत कोण बसतं?

पुढे कुठेतरी वाचलं, शेड आणि शॅडो मुळात एकच शब्द. जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारख्याच विभक्त्या होत्या. प्रथमेच्या रूपातून शेड आली, बाकीच्या विभक्त्यांतून शॅडो. मीड आणि मेडो यांचंही तेच, दोन्ही कुरणंच. म्हणजे उद्या ‘घोडा’ आणि ‘घोड्याला’तला ‘घोड्या’ अशी दोन जनावरं निघायची आणि पोरांनी त्यांतला फरक पाठ करायचा! पण हे सहावीतल्या पोरीला काय सांगणार?

समोर भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांचा कडुनिंब गेला. आता त्या विजेच्या खांबाच्या सावलीत बसतात. वीतभर रुंद पट्टा. त्यात डोकं तेवढं मावतं. तो सरकला की मावशी मेथीच्या जुड्यांसकट गोणपाट ओढतात. कुणाशी भाव करता करताच, न बघता.

पुण्यात मेच्या मध्याला एक दिवस सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस. तो नेमका त्याच दिवशी होता की एखाद्या दिवसाने मागेपुढे, देव जाणे. साडेबाराच्या सुमारास पट्टा आखडत आखडत खांबाच्या बुडाशी गेला. मावशींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मेथीवरचं ओलं फडकं उचललं आणि डोक्यावर घेतलं.

रिक्षा आली. भाचीला अजून काही कळवलेलं नाही.