रोजनिशी : सामान्य काळातला एक आठवडा

सोमवार, २९ जून

नाताळ, ईस्टरसारखे मोठे पर्व नसलेल्या दिवसांना चर्चच्या वर्षात सामान्य काळ म्हणतात. आज संत पेत्र आणि संत पौल यांचा सण. दोघांनीही रोममध्ये विश्वासासाठी रक्त सांडले म्हणून फादरांनी लाल वस्त्रे परिधान केली होती. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि गावातल्या रस्त्यावर पाणी साचले होते, तरी सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, नेहमीची मंडळी आलीच. ही मंडळी बहुतेक माझ्या वयाची किंवा माझ्याहून मोठी आहेत. पहाटेच्या लोकलने फुले आणि भाजी घेऊन दादरला जाणाऱ्या बायका कामाच्या दिवशी मिस्साला येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी कुणीतरी रोज प्रार्थना करते, हे त्यांना ठाऊक असते.

बाहेरच्या लोकांना आमच्या वसईतल्या चर्चचा रविवार तेवढा दिसतो: भरलेली बाके, गायनमंडळ, मिस्सा सुटल्यावर आवारात रंगलेल्या गप्पा. वसई धर्मप्रांत १९९८ साली स्वतंत्र झाला, पण इथली अनेक चर्चे त्याच्याहून कितीतरी जुनी आहेत. नंदाखालच्या चर्चचा आरंभ १५७३ सालचा. इतका जुना वारसा असला की तो आपोआप चालत राहील असे वाटू लागते. मला तसे वाटत नाही. रविवार उभा राहतो तो आधीच्या सहा दिवसांत कुणीतरी केलेल्या कामावर, आणि ते काम कुणी पाहत नसल्यामुळे मी या आठवड्याची नोंद मुद्दाम सविस्तर ठेवते आहे.

मिस्सानंतर कार्यालयात बसले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सोमवारी नोंदवह्यांच्या कामात मी मदत करते. आज एक मुलगी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आली. तिचे लग्न ठरले आहे आणि लग्नासाठी दाखला ताजा काढलेला लागतो. तो ताजा का लागतो, हे मी तिला वही उघडूनच दाखवले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचे नाव, आईवडील, धर्ममाता, धर्मपिता आणि धर्मगुरूंची सही असते. पण त्या ओळीच्या कडेला कोरी जागा सोडलेली असते, आणि पुढे त्या माणसाचा दृढीकरण संस्कार झाला, लग्न झाले किंवा त्याने धर्मगुरूची दीक्षा घेतली की ती बातमी जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चमध्ये कळवली जाते आणि त्याच समासात लिहिली जाते. त्यामुळे माणूस कुठेही राहायला गेला तरी त्याची नोंद एका जागी पूर्ण होत राहते. तिच्या आजीचीही नोंद आमच्याकडेच आहे. ती शोधायला वेळ लागला, पण सापडली; पानाच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, शाई मात्र अजून ठळक आहे, आणि समासात आजीच्या लग्नाची तारीख वेगळ्या हस्ताक्षरात आहे. मुलगी बराच वेळ ते पान पाहत उभी राहिली.

मंगळवार, ३० जून

संध्याकाळी संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीची साप्ताहिक सभा झाली. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह १८३३ साली पॅरिसमध्ये ही संस्था सुरू केली, आणि तिची पद्धत आजही तशीच आहे: गरजूंच्या घरी दोघा-दोघांनी जायचे, तिथे बसायचे, ऐकून घ्यायचे आणि मगच मदत ठरवायची. सभेच्या शेवटी एक बंद पिशवी फिरते आणि तीत कुणी किती टाकले हे शेजारच्यालाही कळत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण आमच्या गावांत देणगीदारांच्या नावांच्या पाट्या लावण्याची हौस वाढत चालली आहे.

जून म्हणजे शाळेचा खर्च: वह्या, गणवेश, छत्र्या, बसचे पैसे. एका घरी वडील आजारी पडल्यामुळे मुलाची शाळा सुटण्याची वेळ आली होती. त्या घराचे नाव सभेच्या बाहेर जाणार नाही आणि या वहीतही मी ते लिहीत नाही. फी भरली जाईल.

बुधवार, १ जुलै

बुधवार म्हणजे नित्य सहाय्य मातेचा, म्हणजे पवित्र मरियेचा, नोव्हेना: सगळ्यांनी मिळून करायची ठरावीक प्रार्थना. माहीमच्या चर्चमध्ये १९४८ साली हा बुधवारचा नोव्हेना सुरू झाला आणि तिथून तो मुंबई-वसईच्या कितीतरी चर्चमध्ये पोहोचला. आमच्याकडे कामावरून परतणारी माणसे स्टेशनवरून थेट येतात. ओल्या छत्र्या व्हरांड्यात ठेवून, खांद्यावरची बॅग न उतरवता उभी राहतात. लेखी विनंत्या आणि आभार वाचले जातात, त्यात नोकरी, परीक्षा, ऑपरेशन, मूल होणे हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. हे सगळे स्वतःपुरतेच मागणे झाले, असे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. दुसऱ्याची चिंता आपल्या कानांनी ऐकून तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करणे, एवढी गोष्टसुद्धा शहराच्या धकाधकीत दुर्मीळ झाली आहे.

नोव्हेनानंतर मिस्सात बायबलमधले उतारे वाचणाऱ्या वाचकांचा सराव घेतला, आणि याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचकाची आणि वेदीसेवेची अधिकृत सेवापदे स्त्रियांनाही खुली केली. आमच्याकडे मुली आणि बायका वाचन करत होत्याच, पण त्या निर्णयाने त्या कामाला चर्चची मान्यता मिळाली याचा मला आनंद आहे. रविवारी तीन वाचने असतात आणि त्यांपैकी शुभवर्तमान धर्मगुरू वाचतात; पहिली दोन आमच्या वाट्याची. येत्या रविवारी पहिले वाचन जखऱ्या संदेष्ट्याचे आहे, ज्यात सियोनच्या कन्येला आनंद करायला सांगितले आहे कारण तिचा राजा नम्र होऊन गाढवावर बसून येत आहे. ते सोपे आहे, त्यात चित्र आहे. दुसरे वाचन संत पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रातले, आठव्या अध्यायातले. तिथे देह आणि आत्मा हे शब्द एकाच वाक्यात इतक्या जवळ येतात की कुठे थांबायचे हे आधी ठरवले नाही तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

हे वाचन कॉलेजात जाणारी एक मुलगी करणार आहे. इंग्रजी माध्यमातून शिकलेली, घरी कादोडी ही वसईची बोली बोलणारी. देवनागरी वाचताना ती जोडाक्षरापाशी अडखळते. आज आम्ही पुस्तक मिटून आधी फक्त अर्थ बोललो. ज्याने येशूला मेलेल्यांतून उठवले त्याचा आत्मा तुमच्यात राहत असेल तर तो तुमच्या मर्त्य शरीरांनाही जिवंत करील, असे पौल सांगतो आहे, हे तिने आपल्या बोलीत मला समजावून सांगितले आणि मग पुस्तक उघडले. तेव्हा ‘जर’पाशी तिचा आवाज आपोआप वर गेला आणि ‘तर’पाशी तो खाली आला. पेन्सिलीने खुणा करण्याची गरजच उरली नाही.

आपल्या मुलाला वेदीवर वाचताना पाहायचे म्हणून पालक माझ्याकडे नाव देतात, आणि सरावाचा निरोप पाठवला की क्लास असल्याचे कळवतात. याबाबत मी कठोर आहे. सराव नाही, तर वाचन नाही. मिस्सात बसलेल्या दमलेल्या माणसाला त्या आठवड्यात देवाचे वचन ऐकायची ती एकच वेळ असते, आणि ती आमच्या निष्काळजीपणामुळे वाया जाऊ नये. मराठी मिस्सा सोडून काही तरुण कुटुंबे इंग्रजी मिस्साला जातात. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही, परंतु मराठी वाचन आम्हीच नीट केले नाही तर त्यांना थांबा म्हणण्याचा आम्हाला अधिकार उरत नाही.

शुक्रवार, ३ जुलै

यंदा संत थॉमसचा सण आणि महिन्याचा पहिला शुक्रवार एकाच दिवशी आले. भारतात थॉमसचा सण मोठ्या इतमामाने साजरा होतो, कारण परंपरेप्रमाणे इ. स. ५२ मध्ये तो मलबारच्या किनाऱ्यावर उतरला आणि मैलापूर येथे त्याला हौतात्म्य आले. आजचे पहिले वाचन इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातले होते: तुम्ही आता परके आणि उपरे नाही, तर पवित्र जनांचे सहनागरिक आणि देवाच्या घरचे आहात. फादरांनी प्रवचनात गावाबाहेरच्या नव्या इमारतींचा उल्लेख केला. तिथे केरळमधून, मंगळूरहून, तामिळनाडूतून, झारखंडमधून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. काही जण रविवारी मागच्या बाकावर बसून शेवटच्या आशीर्वादाबरोबर निघून जातात, आणि वर्षानुवर्षे आपल्याला त्यांची नावे कळत नाहीत. मला ते फार लागले. आमच्या वाड्यांमधल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या, म्हणजे एकत्र प्रार्थना करणाऱ्या शेजारच्या कुटुंबांच्या, सभा अजूनही जुन्या घरांच्या ओटीवरच भरतात. इमारतीतल्या एखाद्या घरी सभा घ्यावी असे मी उद्याच्या बैठकीत सुचवणार आहे.

मिस्सानंतर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, घेऊन गेलो. १९७३ साली पोप सहावे पॉल यांच्या काळात सामान्य प्रापंचिकांना या सेवेची परवानगी मिळाली, आणि आज आमच्यासारख्या मोठ्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, तिच्याशिवाय प्रत्येक आजाऱ्यापर्यंत पोहोचणे कठीण झाले असते. गळ्यात छोट्या पिशवीत ख्रिस्तप्रसादाची सोनेरी गोल डबी असते आणि वाटेत आम्ही कुणाशी बोलत नाही; गावात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे समोरून येणारी माणसे मान लववून बाजूला होतात. हिंदू शेजारीही होतात.

एका घरी नव्वदीच्या जवळ आलेल्या आजी अंथरुणाला खिळून आहेत. सुनेने पलंगाजवळ स्टुलावर पांढरे कापड अंथरून क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला मांडून ठेवला होता. आजींना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, मुलांची नावे एकमेकांत मिसळतात. ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ सुरू केले तेव्हा मात्र त्या शेवटपर्यंत आमच्याबरोबर होत्या. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर थोडा वेळ शांततेत गेला आणि मग त्या हळू आवाजात ‘तांतुम एर्गो’ म्हणू लागल्या. लॅटिनमधले ते आराधनेचे गीत त्यांनी लहानपणी चर्चमध्ये ऐकून पाठ केले होते. मिस्सात धर्मगुरूंची पाठ लोकांकडे असे, शब्द कळत नसत, म्हणून बायका बाकावर बसून जपमाळ करत, असे त्यांनी मला पूर्वी सांगितले होते. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा ठराव संमत केला आणि लोकभाषेचा मार्ग मोकळा झाला. पुढे पहिल्यांदा मराठीतून मिस्सा झाली तेव्हा आजी लग्न होऊन नुकत्याच या गावी आल्या होत्या. मराठीची त्यांना अपूर्वाई होती, तरी त्या जुन्या गीताचे शब्द त्यांच्यात खोल जाऊन बसले आहेत. सून म्हणाली, ‘‘टीचर, आई दिवसभर काही बोलत नाहीत. तुम्ही आलात की एवढे म्हणतात.’’ मी तिचा हात धरून थोडा वेळ बसले. तिलाही महिनोन्महिने घराबाहेर पडता आलेले नाही. पुढच्या रविवारी मिस्साच्या वेळी आजींपाशी कुणीतरी बसेल, अशी व्यवस्था मी केली आहे; समूहातल्या एका ताईंनी लगेच होकार दिला.

शनिवार, ४ जुलै

धर्मग्राम परिषदेची बैठक लांबली. चर्चच्या कायद्यानुसार या परिषदेचे मत सल्ल्यापुरते असते आणि निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा असतो; म्हणून काही सभासद बोलतच नाहीत. माझ्या मते सल्ला विचारला जातो तेव्हा तो पूर्ण आणि निर्भयपणे देणे हे आपले कर्तव्य आहे. गळके छप्पर, धर्मशिक्षणाच्या वर्गात साचणारे पाणी, वाहने लावण्यावरून होणारे वाद, हे सगळे झाले. नव्या इमारतीत समूहाची सभा घेण्याचा विषय मी मांडला. भाषेची अडचण काहींनी सांगितली, तेव्हा प्रार्थना हिंदीत करू, जपमाळ ज्याला जशी येते तशी म्हणू, असे ठरले. मंगळूरकडच्या एका कुटुंबाने जागा द्यायची तयारी दाखवली आहे.

रविवार, ५ जुलै

सामान्य काळातला चौदावा रविवार. ठरलेले लग्न आधी चर्चमध्ये तीनदा जाहीर केले जाते; आज तिसऱ्या आणि अंतिम वेळी एका जोडप्याच्या लग्नाची सूचना वाचली गेली. सोमवारी दाखला नेणाऱ्या मुलीची पहिल्यांदा. ‘कष्ट करणाऱ्या आणि भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या,’ हे आजचे शुभवर्तमान, मत्तयच्या अकराव्या अध्यायातले. त्या कॉलेजातल्या मुलीने रोमकरांचे वाचन संथ आणि स्वच्छ केले. मिस्सानंतर एक शेतकरी काका तिला थांबवून म्हणाले, ‘‘बाय, आज पौल कळला.’’

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीतली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात बसली होती. पोप दहावे पायस यांनी १९१० साली समजत्या वयाच्या, म्हणजे साधारण सात वर्षांच्या मुलांना ख्रिस्तप्रसाद द्यावा असे ठरवले, आणि तेव्हापासून हे वर्ग प्रत्येक धर्मग्रामाचा प्राण आहेत. शिकवणाऱ्या बहुतेक तरुण मुली नोकरी करतात; आठवड्यात मिळणारी एकच सुट्टी त्या या मुलांना देतात.

पुढच्या रविवारी पेरणाऱ्याचा दृष्टान्त आहे, आणि पहिले वाचन यशया संदेष्ट्याचे: आकाशातून पडणारा पाऊस जमीन भिजवून तिला फलवान केल्याशिवाय परत जात नाही, तसे माझे वचन. ते मी नववीतल्या एका मुलाकडे दिले आहे. त्याच्या घरी भाताची लावणी सुरू झाली आहे, त्यामुळे बुधवारी तो उशिरा येईल. त्याच्यासाठी सराव साडेआठला ठेवला आहे.