आकडा आहे, नावं नाहीत: गावच्या महायुद्धाच्या पाटीचं काम

सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक लहान संगमरवरी पाटी बसवलेली असते. मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके जण गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नसतं. आमच्या पाटीवर प्राण दिलेल्यांचा आकडा सात आहे. ती नावं शोधून, पडताळून, जुन्या पाटीशेजारी दुसऱ्या दगडावर कोरून घेतली. हे काम कसं होतं आणि कुठे अडतं ते सविस्तर लिहितो, कारण शेजारच्या प्रत्येक गावात ते व्हायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे दगडाला आधी हात लावू नका. उत्साहात लोक घासायला बसतात आणि होती ती अक्षरंही जातात. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, पाटीच्या कडेला जवळजवळ भिंतीला टेकवून धरा आणि उजेड तिरपा पडू द्या. दिवसा सपाट दिसणाऱ्या जागी अक्षरांच्या कडांची सावली उठून येते. चारही बाजूंनी उजेड टाकून चार फोटो काढा, मोबाईल स्टँडवर ठेवून. काही पाट्यांत अक्षरं शिशाची असतात: कोरलेल्या खाचेत बारीक भोकं पाडून त्यांत शिसं ठोकून बसवलेलं. शिसं गळून पडलं तरी खाचेच्या तळाशी ती भोकं राहतात, आणि भोकांच्या जागेवरून अक्षर ओळखता येतं. आमच्या पाटीवर ३ की ८ हा वाद होता, तो अशाच भोकांनी मिटला. कोळसा किंवा खडू चोळून अक्षरं वाचायची सवय सोडा. संगमरवराच्या छिद्रांत ती भुकटी कायमची बसते.

आता नावं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची थडगी आणि नोंदी सांभाळणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांचा शोध फुकट घेता येतो. शोधाच्या पानावर पहिलं महायुद्ध आणि भारतीय सैन्य निवडायचं. पण आडनावाच्या चौकटीत आडनाव घालून बसलात तर हाती फारसं लागणार नाही. हिंदी शिपायांचं पूर्ण नाव बहुधा एकाच चौकटीत सलग नोंदवलेलं आहे, आणि स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाच्या कानावर अवलंबून. जाधवचं जाधाओ, पवारचं पोवार, सावंतमध्ये कधी डब्ल्यू तर कधी व्ही. खरा धागा आहे ‘अधिक माहिती’ या चौकटीत. तिथे अनेकांच्या नावापुढे ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा, मुंबई’ असं लिहिलेलं असतं. म्हणून तिथे तालुक्याचं नाव घालून शोधा. गावाचं नाव शंभर प्रकारे बिघडतं, तालुक्याचं दोन-तीनच प्रकारे. खटावच्या शेवटी व्ही न मिळाल्यास ए-ओ घालून पाहा. रेजिमेंटच्या नावातल्या ‘मराठा’चं स्पेलिंगही जुनं आहे: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए.

जिल्हे आजचे धरू नका. वाळवा, शिराळा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. मालवण, कणकवलीकरांनी रत्नागिरीत बघायचं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. महाड, माणगाव कुलाब्यात. औंध, फलटण, जत, भोर, सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थानं होती, तेव्हा जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येऊ शकतं. मिळालेली यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. ती ‘अधिक माहिती’च्या रकान्यानुसार क्रमाने लावून घ्या आणि डोळ्यांनी ओळ न ओळ वाचा. यंत्राला न सापडलेलं गाव मोठ्याने वाचताना कानाला सापडतं.

शोध फक्त मराठा पलटणींपुरता ठेवू नका. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी सगळ्यांना आठवतात, पण खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये (पूल, रस्ते, खंदक बांधणारी तुकडी), १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या १११ व्या महार पलटणीत, मजुरांच्या लेबर कोअरमध्ये, खेचरांच्या तुकड्यांत, जखमींना वाहणाऱ्या डोलीवाल्यांतही आपली माणसं होती. पाटीवरच्या आकड्यात कोण कोण मोजलंय हे पाटी सांगत नाही. महारवाड्यातलं नाव यादीत येत नसेल तर दोष बहुतेक वेळा शोधणाऱ्याच्या कल्पनेचा असतो. आमच्या पहिल्या यादीत नेमकं हेच झालं होतं.

एकाच पलटणीत एकाच नावाचे तीन-तीन शिपाई सापडतात. अशा वेळी शिपाई नंबर बघायचा, पण नुसता नंबर पुरत नाही, कारण प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालत. नंबर आणि पलटण मिळून एक माणूस ठरतो. ही जोडी ताडून पाहायची जागा म्हणजे घरातली पदकं. पदकाच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक ठोकलेली असते. भिंग आणि तिरपा उजेड घेऊन वाचा. चिंच किंवा पॉलिश लावून चकचकीत करू नका, पहिली झिजते ती हीच कड. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं, त्यामुळे बरीचशी सोनाराच्या मुशीत गेली. मृताच्या वारसाला मात्र सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची एक गोल तबकडी मिळत असे. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. ती देव्हाऱ्यात, ट्रंकेत किंवा तांब्यापितळेच्या भांड्यांत अजून सापडते. भंगारात घालण्याआधी विचारा, इतकं गावात सांगून ठेवलं तरी पुष्कळ.

पदक नसेल तर हेळवी. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या घरांना हे सांगायला नको. सुगीनंतर हेळवी येतो, वही उघडतो आणि घराण्याच्या पिढ्या वाचतो. कमिशनच्या नोंदीतलं बापाचं नाव हेळव्याच्या वहीतल्या नावाशी जुळलं की माणूस पक्का झाला. त्याला वेळ द्या, योग्य ती बिदागी द्या, आणि त्याच्या परवानगीनेच वहीचा फोटो घ्या.

आकडा तंतोतंत जुळेलच असं नाही. पाटी १९१९ पर्यंतचं सांगते, कमिशन मात्र ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं. म्हणून तिकडे एखादं नाव जास्त निघू शकतं. उलट नोकरीतून सुटून घरी आल्यावर जखमेने किंवा तापाने गेलेला माणूस गावाच्या आठवणीत असतो आणि नोंदीत नसतो. अशांची वेगळी यादी ठेवा.

नोंदीत स्मारकाचं नावही येतं आणि तिथे गैरसमज होतो. आपल्याकडच्या अनेकांपुढे ‘बसरा स्मारक’ लिहिलेलं दिसेल. इराकमधल्या लढाईत मेलेल्या आणि थडगं नसलेल्या ४०,५०० हून अधिक जणांसाठी ते उभारलं. पण त्याच्या भिंतीवर हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपाई तिथेही ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ अशा आकड्यातच गेले, नावं राहिली ती रजिस्टरात. २९ एप्रिल १९१६ ला इराकमधलं कूट हे शहर तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणींचे लोक वेढ्यात होते. कैदेतून न परतलेल्यांचं नाव गावच्या पाटीवर नाही, बसऱ्याच्या भिंतीवर नाही. दगडावर ते पहिल्यांदा कोरलं जाणार आहे आपल्या गावात. म्हणून अचूकपणाबद्दल इतका आग्रह. फ्रान्समध्ये गेलेल्यांपुढे नव्ह शापेल स्मारक येईल, वायव्य सरहद्दीवर गेलेल्यांपुढे बहुधा दिल्लीचं इंडिया गेट. खडकीचं १९१४-१९१८ स्मारक हे भारतात आणि आजच्या पाकिस्तानात पुरलेल्या, पण थडगी राखता न आलेल्या सैनिकांसाठी आहे.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये शर्कत युद्धस्मारक आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये इराकमध्ये तैग्रिस नदीकाठी शर्कतला ११४ वी पलटण लढली, आणि १९२२ च्या फेररचनेत तीच पलटण रंगरूट शिकवणारी तुकडी झाली. आज आपल्या गावची पोरं तिथेच प्रशिक्षण घेतात. तो लष्करी भाग आहे, अचानक जाऊन दारात उभं राहू नका. ग्रामपंचायतीच्या पत्रावर नंबर, नाव, पलटण आणि नेमका प्रश्न लिहून पाठवा. ‘आमच्या गावची सगळी माहिती द्या’ अशा पत्राला उत्तर देणं कोणालाच जमत नाही.

परवानगीचं थोडक्यात. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि त्यात ‘जुनी पाटी हलवायची नाही’ हे वाक्य घाला. भिंत जिल्हा परिषदेच्या शाळेची किंवा देवस्थानची असेल तर त्यांची लेखी संमती. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय काहीच नाही.

मग जुन्या पाटीची स्वच्छता. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, आम्ल लागलं की फसफसून विरघळतो. संडास धुण्याचं ॲसिड, लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळं वर्ज्य. पॉलिश पेपरही नको. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश, अगदी थोडा सौम्य साबण, आणि खालून वर घासत जाणं, म्हणजे मळके ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. चुन्याच्या सफेदीचे थर ओले करून बांबूच्या कामटीने सोलून काढा. पाटीला देव समजून तेल वाहिलेलं असतं. त्या डागावर मुलतानी माती ॲसिटोनमध्ये कालवून सेंटिमीटरभर जाड लेप द्या, एक दिवस प्लास्टिकने झाका, मग उघडून वाळू द्या. माती तेल ओढून घेते. दोन-तीन वेळा करावं लागतं. हे उघड्या हवेत, विस्तव दूर ठेवून करा. अक्षरांत ऑइलपेंट भरू नका.

पाटीभोवती सिमेंट थापलेलं असेल तर ते छिन्नीने हाताने काढा, ग्राइंडर नको. सिमेंट ओल अडवतं, मग ती दगडातून बाहेर पडते आणि सोबत आणलेले क्षार पृष्ठभाग फोडतात. इराकमधल्या अमारा दफनभूमीत जमिनीतल्या क्षारांनी थडग्यांचे दगड इतके खराब झाले की १९३३ मध्ये ते सगळे काढून नावांची भिंत उभी करावी लागली. आपल्या भिंतीत एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू वापरा आणि आठवडाभर ओलं गोणपाट बांधून ठेवा.

नवी पाटी काळ्या ग्रॅनाइटची, २० मिलिमीटर जाड. तीन फूट बाय दोन फुटांची पाटी तीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा ती नुसती चिकटवू नका. स्टेनलेस स्टीलच्या पिना घाला. लोखंडी पिन गंजून फुगते आणि कोपरा उडवते. अक्षराची उंची किमान २५ मिलिमीटर ठेवा, खोली दोन ते तीन. सर्वात मोठा घोळ फॉन्टचा होतो. कोरणाऱ्याकडचं सॉफ्टवेअर बहुधा जुन्या फॉन्टवर चालतं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला युनिकोड मजकूर तिथे गेला की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. मजकूर अक्षरांचे आकार गोठवलेल्या पीडीएफमध्ये द्या. मग पाटीच्या मापाची कागदी छापील प्रत मागा आणि ती महिनाभर चावडीवर लावा. आमच्याकडे त्या महिन्यात तीन दुरुस्त्या आल्या: एक बापाचं नाव, एक आडनाव, एक वाडी. दगडावर त्या करता आल्या नसत्या.

नावं वर्णानुक्रमे लावली, जात-भावकीप्रमाणे नाही. प्रत्येक ओळीत नाव, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख. सहा नावं पक्की झाली. सातव्यासाठी एकाच नावाचे दोन शिपाई समोर आहेत, दोघांचाही तालुका आपलाच, गाव कोणाचंच लिहिलेलं नाही. अंदाजाने कोरायचं नाही असं ग्रामसभेत ठरलं, म्हणून वर्णानुक्रमात त्याची जागा येते तिथे एक ओळ मोकळी ठेवून पाटी बसवली आहे.