तक्रार का नाही केलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. सांगलीत कुणी नवीन हॅम (हौशी रेडिओ) लायसन्सवाला भेटला की हा प्रश्न ठरलेला, की आपल्या रिपीटरवर (एका फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे इनपुटवर, ऐकलेलं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे आउटपुटवर, परत सोडणारा डोंगरावरचा सेट) साखर कारखान्याच्या वायरलेसचे आवाज येत होते तेव्हा दिल्लीला सरळ तक्रार का नाही ठोकलीत, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आपला आहे ना, 144 ते 146 मेगाहर्ट्झ.

आपलाच आहे, आणि तक्रार करायची सोयही आहे. पण तक्रारीत समोरच्याचं काय चुकलं ते लिहावं लागतं.

व्हायचं काय, तर ऊस तोडणी सुरू झाली की आमच्या डोंगरावर कारखान्याचा सेट दिवसभर बोलायचा आणि आमच्यापैकी कुणी पीटीटी (बोलायचं बटण) दाबून सोडला की रिपीटर खाली बसायचाच नाही, म्हणजे बंदच व्हायचा नाही, त्यावर गाड्यांचे नंबर, कुठल्या फडात किती टोळ्या, सगळं चिरकत ऐकू यायचं आणि मागे एक हुऊऊ असा घुमारा. हंगाम संपला की शांत. मग सगळे म्हणणारच ना की कारखानाच आपल्या फ्रिक्वेन्सीवर येतोय. मलाही पहिले पंधरा दिवस तसंच वाटत होतं.

टोन लावा (सिग्नलसोबत एक ठराविक बारीक सूर, तो असेल तरच रिपीटर उघडतो), असं पण सगळे सांगतात. लावला होता, काही फरक नाही. हे तेव्हा विचित्र वाटलं, कारण कारखान्याच्या सेटवर आमचा टोन येईल कुठून? तो फक्त आमच्या स्वतःच्या आउटपुटवर होता. म्हणजे जे काही आत येत होतं त्यात आमचं आउटपुट मिसळलेलं होतं, आणि खरी सुरुवात तिथून झाली.

मग रिसीव्हरच्या आधी 3 डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठराविक प्रमाणात कमी करणारा तुकडा; डीबी हे सिग्नलच्या जोराचं माप) टाकला. ही चाचणी प्रत्येकाने शिकून घ्यावी, फार साधी आहे. मिक्सिंग (सिग्नल एकमेकांत मिसळून नवाच सिग्नल तयार होणं) जर रिसीव्हरच्या आतच होत असेल तर 3 डीबी टाकल्यावर तो भुताटकीचा सिग्नल 9 डीबीने पडतो. आमचा फक्त 3 ने पडला, म्हणजे सिग्नल बाहेरून तयार होऊन अँटेनातनं येत होता. ट्रान्समीटर अँटेनाऐवजी डमी लोडवर (शक्ती आतच जिरवणारा भार) टाकला तर एकदम गायब. ट्रान्समीटरला एका मित्राचा आयसोलेटर (बाहेरचा सिग्नल ट्रान्समीटरमध्ये उलटा शिरू न देणारा) लावून पाहिला, तरी काही फरक नाही, म्हणजे आमचा फायनलही (ट्रान्समीटरचा शेवटचा टप्पा) निर्दोष.

राहिला डोंगर. तिथे कारखान्याशिवाय आणखी एका कंपनीचा व्हीएचएफ वायरलेस सेट आहे, आणि त्या दोघांच्या फ्रिक्वेन्सीत अंतर किती, तर बरोबर 600 किलोहर्ट्झ! आमच्या इनपुट आउटपुटमधलं अंतरही तेवढंच. समजा आउटपुट 145.2, त्यातून 600 किलोहर्ट्झ वजा केले की 144.6, म्हणजे थेट आमचं इनपुट. तिघं एकदम चालू असले की गणित जुळायचं, आणि एकदा जुळलं की आमचाच रिपीटर स्वतःला उचलून धरायचा, त्या दोघांतला एक थांबेपर्यंत. फक्त हे तिघं एकत्र येत होते कुठे ते सापडत नव्हतं.

ते सापडलं दवामुळे. पहाटे टॉवर ओला असला की त्रास नसायचा, उन्हं चढून लोखंड वाळलं की सुरू. मी कारखान्याच्या वायरलेस ऑपरेटरला फोन केला, तर तो माणूस रविवारी स्वतः वर आला, सोबत भाकरी-पिठलं बांधून, आणि आमच्या सोयीने सेट चालू-बंद करत बसला. मी इनपुटवर हँडी (हातातला छोटा सेट) लावून बांबूच्या काठीने एकेक जोड ठोकत फिरलो. आमच्याच टॉवरच्या ताणाच्या तारेचा खालून दुसरा क्लॅम्प, त्याला काठी लागली की हँडीत कर्रर्र. बोल्ट गंजून तांबडा भुगा झालेला, नटाला बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. गंजलेला जोड डायोडसारखा (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वागतो, त्यात तिन्ही सिग्नल मिसळत होते. क्लॅम्प बदलला, घासून ग्रीस लावलं, आणि त्याच दुपारी आवाज बंद.

आता सांगा, तक्रारीत काय लिहिलं असतं? कारखानेवाला त्याच्या परवान्यात होता, कंपनीवाले त्यांच्या, गंज आमचा. त्याच्यावर चौकशी लावली असती तर तो रविवारी वर आला असता का? आणि हा रिपीटर पुरात संपर्कासाठी मला जिवापाड महत्त्वाचा आहे, 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेलेली आपण बघितलीय, धोक्याची पातळी 45, तेव्हा अशा वेळी डोंगरावरचे शेजारी आपल्याला धरून असलेले बरे.

खरोखर कुणाचा सेट बिघडून आपल्या बँडमध्ये घाण करत असेल तर जरूर तक्रार करा, पण मोजमाप हातात घेऊन.

आम्ही आता दरवर्षी दसऱ्याच्या आसपास, कारखान्यात मोळी पडायच्या आधी, वायर ब्रश आणि ग्रीसचा डबा घेऊन वर जातो. गेल्या वर्षी त्या ऑपरेटरने त्याच्या टॉवरचे क्लॅम्पही आमच्याकडून घासून घेतले.