तुम्ही विचारलंत म्हणून : लाकडाचे घर दोनशे वर्षे कसे टिकले?

भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडील केरीकेरी या छोट्या गावी नेतो, तेव्हा नदीकाठचे पांढरे दुमजली घर पाहून बहुतेक जण एकच विचारतात: लाकडाचे घर दोनशे वर्षे टिकले कसे? वाळवी आणि कोकणातला पाऊस पाहिलेल्यांची शंका रास्तच आहे.

सरळ उत्तर म्हणजे कौरी, इथल्या जंगलातला प्रचंड घेराचा वृक्ष, ज्याच्या लांबलचक फळ्या बिनगाठीच्या निघतात. १८२१-२२ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या मिशनच्या सुतारांनी आणि लाकूड कापणाऱ्या माओरी (इथल्या मूळ रहिवासी) कामगारांनी पाद्री जॉन बटलर यांच्यासाठी हे घर उभारले. देशातली आज उभी असलेली ही सर्वांत जुनी युरोपीय इमारत.

पण नुसत्या लाकडाने ते तगले नसते. शेजारच्या टेकडीवर कोरोरिपो हा माओरी गढीचा कोट होता आणि तिथे ङापुही जमातीचा (आपला ङ शब्दाच्या आरंभी इथे भेटतो) पराक्रमी सरदार होंगी हिका याची सत्ता होती. १८१९ मध्ये मिशनचे पाद्री सॅम्युअल मार्सडेन यांनी अठ्ठेचाळीस कुऱ्हाडींच्या मोबदल्यात तेरा हजार एकर जमीन मिळवली, असे कागद सांगतात. प्रत्यक्षात मिशन नांदले ते होंगीच्या अभयामुळे, कारण गोऱ्यांबरोबर येणारा व्यापार त्याला हवा होता. म्हणून 'वसाहतवाल्यांचे घर' हे नाव मला अर्धेच खरे वाटते.

बटलर १८२३ मध्येच गेले. १८३२ मध्ये लोहार असलेले जेम्स केम्प आणि त्यांची पत्नी शार्लट इथे राहायला आले आणि घर त्यांच्या वंशजांकडे १९७४ पर्यंत राहिले. मग त्यांनी ते राष्ट्रीय वारसा संस्थेला दान केले. माझ्या मते खरे उत्तर इथे आहे. घर नांदते असले की गळके छप्पर वेळीच दिसते. कोकणातली बंद घरे का ढासळतात, हे पाहुण्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

वाळवीपेक्षा घराला धाक राहिला तो नदीचा. १९८१ च्या पुरात पाणी थेट आत शिरले. पुराला शेजारच्या पुलाची अडचण होत होती, म्हणून वळणरस्ता झाल्यावर २००८ मध्ये तो पूलच काढून टाकला. त्यामुळे पलीकडे जायचे तर आता गाडी ठेवून पादचारी पुलावरून चालावे लागते, आणि माझे पाहुणे पुढचा प्रश्न तिथेच विचारतात: एका घरासाठी पूल काढला?