पापणीवरचा फोकस
आज दिवसभर नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला डिजिटल) कॅमेरा घेऊन फिरलो आणि डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. इतकी वर्षं फिल्मवर गेली, व्ह्यूफाइंडरच्या मधोमध ते स्प्लिट इमेजचं वर्तुळ, त्यात तुटलेली कडा रिंग फिरवत फिरवत जुळवायची, जुळली की श्वास रोखून क्लिक. ऑटोफोकस, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच फोकस लावणं, काही आजचं नाही, मिनोल्टा ७००० हा कॅमेरा तर १९८५ लाच आला होता, पण मला कधी गरजच वाटली नाही. आता नजर तशी राहिली नाही, एफ १.८ वर, म्हणजे लेन्स इतकी उघडी की शार्प भाग अगदी पातळ, कडा जुळली का याची खात्रीच वाटेना.

नात झोक्यावर होती. आधी असा फोटो म्हणजे अंतर ठरवून ठेवायचं, पुढचं मागचंही शार्प यावं म्हणून एफ ८ लावायचं आणि ती त्या जागी येईपर्यंत वाट बघायची. आज डोळा ओळखणाऱ्या ऑटोफोकसचा तो छोटा चौकोन तिच्या डोळ्याला चिकटला तो सुटलाच नाही, ती पुढे मागे होतेय आणि प्रत्येक फ्रेममध्ये पापणीचा केस न् केस शार्प!! खरं सांगतो, गळा दाटून आला.

पण फांदीआडचा पक्षी दिसला की पठ्ठ्या फांदीच धरतो, तिथे सिंगल पॉइंटच (आपण निवडलेल्या एकाच ठिपक्यावर फोकस) हवा. आणि फोकस मी शटरवरून काढून मागच्या बटणावर घेतलाय, कधी लावायचा ते माझा अंगठा ठरवणार, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उद्या अडॅप्टरवर जुनी ५० एमएम लेन्स लावणार, तिचा फोकस हातानेच. फोकस पीकिंगला (शार्प कडा रंगवून दाखवतं ते) कुठला रंग ठेवता तुम्ही? लाल की पिवळा?